रेवाल चाल, ७०-२०० लेन्स आणि गिंबल : सारंगखेड्याच्या तीन दिवसांचं प्रकरण

घोडी लंगडी नव्हती. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी तंबूत लॅपटॉप उघडून घोडीचे मालक जिभाऊ यांना क्लिपा दाखवल्या, त्यांनी दोन क्लिपा गप बघितल्या, तिसरीला म्हणाले, "मनी घोडी इतली भारी चालस, तुना व्हिडिओमा ती लंगडी दिखस." मला त्या रात्री झोप लागली नाही. माणूस वर्षभर घोडी तयार करतो, यात्रेत आणतो, गिऱ्हाईकाला पाठवायला दोन मिनिटांचा व्हिडिओ मागतो आणि त्या व्हिडिओतच जनावर अधू दिसतं, म्हणजे मी त्यांचं नुकसानच करत होतो.

आधी जागा सांगतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, नंदुरबार जिल्ह्यात, दोंडाईचा-शहादा रस्त्यावर. घोड्यांचा बाजार हीच तिची खरी ओळख, चेतक फेस्टिव्हल म्हणून आता बाहेरचे लोकही येतात. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरे, सगळे बघायला मिळतात. जिभाऊंची घोडी मारवाडी, आणि तिची किंमत तिच्या रेवाल चालीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रेवाल म्हणजे घोडं वेगात चालतं पण पाठ जवळजवळ उसळत नाही, वर बसलेला माणूस पाटावर बसल्यासारखा राहतो. जिभाऊंचा पोरगा हातात पाण्याने भरलेला ग्लास धरून तिला चालवून दाखवतो. म्हणजे व्हिडिओत दाखवायचं काय तर पाठीचं न हलणं. आणि मी ते शूट करत होतो अशा सेटअपने की जो स्वतःच हलत होता.

लांब लेन्स, म्हणजे दूरचं जवळ आणणारी, का घेतली हे पण सांगायला पाहिजे, कारण बरेच जण पहिला सल्ला हाच देतात की गिंबलवर (मोटरने कॅमेरा स्थिर धरणारा हातातला दांडा) २४ किंवा ३५ एमएमची रुंद लेन्स लाव आणि जवळ जा. घोड्याला ते चालत नाही. २४ ने जवळून घेतलं की तोंड मोठं, मागचे पाय आखूड, मान जाड दिसते, आणि घेणारा माणूस नेमकी उंची, मान आणि पायच बघतो. दुसरं म्हणजे गिंबल घेऊन शेजारी पळणारा माणूस बघून घोडं बिचकतं, लाथ पण मारतं. आणि यात्रेत गर्दी एवढी की दूर उभं राहून मधल्या फटीतून घ्यावं लागतं. म्हणून वीसेक मीटरवरून २०० एमएम हा निर्णय माझ्या मते आजही बरोबरच आहे. चूक दुसरीकडे होती.

सेटअप असा: कॅमेरा सोनी ए७ थ्री, नुसती बॉडी ६५० ग्रॅम. लेन्स ७०-२०० एफ २.८ चं पहिलं जीएम मॉडेल, १४८० ग्रॅम. वर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच), हूड (ऊन अडवणारी टोकाची कड), गिंबलवर बसवायची प्लेट धरून सव्वादोन-अडीच किलोच्या आत. गिंबल तीन किलो क्षमतेचा. कागदावर सगळं बसतं. लग्नांमध्ये याच गिंबलवर २४ आणि ३५ ने मी तासनतास काम केलंय, कधी तक्रार आली नाही, म्हणून लेन्स बदलली, बॅलन्स केला आणि पळत सुटलो. १२० एफपीएस म्हणजे सेकंदाला १२० फ्रेम, २०० एमएम, एफ २.८ म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं, घोडीच्या समांतर पळत.

रात्री क्लिपा फ्रेम-फ्रेम करून बघितल्या तेव्हा लक्षात आलं की "शेक" असं ज्याला मी एका शब्दात म्हणत होतो त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. एक बारीक थरथर, मोबाईल व्हायब्रेट व्हावा तशी. दुसरी, पाऊल पडेल तशी वर-खाली उसळी. तिसरी, घोडी वेग बदलते तेव्हा फ्रेम मागे राहते आणि मग धावत येऊन तिला गाठते, त्यात कधी तोंड कापलं जातं कधी शेपूट. तिन्हीची कारणं वेगळी आणि उपाय वेगळे. हे एकदा वेगळं केलं नसतं तर मी तीन दिवस नुसता सेटिंगशी खेळत बसलो असतो.

पण त्याच्याही आधी एक हिशोब केला, आणि तो मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा आहे. फुल फ्रेमवर २४ एमएम लेन्स आडवं साधारण ७४ अंश बघते, ८५ बघते २४ अंश, आणि २०० बघते फक्त १० अंशाच्या जरा वर. आता गिंबलकडून अंशाच्या दहाव्या भागाची चूक झाली असं धरा, जी डोळ्याला दिसणार पण नाही. फुल एचडी फ्रेममध्ये २४ ला ती दोन पिक्सेल होते. २०० ला एकोणीस. आणि हेच घोडीवर मोजलं तर वीस मीटरवर ०.१ अंश म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे कॅमेरा तेवढासा वर-खाली डुलला की पडद्यावर घोडीची पाठ साडेतीन सेंटिमीटर उसळताना दिसते. जिची पाठ उसळत नाही म्हणून लोक पैसे मोजतात तिची. जिभाऊ लंगडी म्हणाले ते अगदी बरोबर म्हणाले, त्यांच्या डोळ्याने चूक पकडली, फक्त ती घोडीची नव्हती.

त्यात मी एफ २.८ ठेवून अजून घाण केली होती. मागचं सगळं मऊ लोण्यासारखं ब्लर, तंबू नाही, खांब नाही, माणसं नाही. नजरेला स्थिर असं काही धरायलाच नाही, त्यामुळे फ्रेममधली प्रत्येक हालचाल मेंदू घोडीच्या नावावर टाकतो. मागे खांब दिसत असते तर बघणाऱ्याला कळलं असतं की खांब पण हलतोय म्हणजे कॅमेरा हलतोय. सिनेमॅटिकच्या नादात आपण ते बघणाऱ्याकडून काढून घेतो. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि मी पण कधी विचार केला नव्हता.

आता थरथर. रात्रीच तपासली. गिंबल त्याच्या छोट्या तिपाईवर टेबलावर ठेवला, हात काढून घेतला, २०० वर दूरच्या पाळण्यावरचा एक दिवा फ्रेममध्ये घेतला. दिवा तरी थरथरतोय. म्हणजे माझ्या हाताचा किंवा चालण्याचा काही संबंध नाही. मग लेन्सच्या पुढच्या टोकाला बोटाने हलकं दाबलं तर लेन्स बॉडीच्या माउंटपाशी किंचित लवते, डोळ्याला दिसेल एवढी. इथे गोम आहे. गिंबलला कॅमेऱ्याची हालचाल कळते ती प्लेटपाशी, लेन्सच्या टोकापाशी नाही. प्लेट स्थिर आहे म्हणजे सगळं स्थिर आहे असं तो धरतो. पुढे लांब नळकांडं वेगळंच हलत असेल तर त्याला ते नीट कळत नाही, आणि कळलं तर उशिरा कळतं, मग मोटर उलट जोर लावते, नळकांडं परत लवतं, आणि दोघांची झोंबाझोंबी सुरू होते. तीच ती थरथर.

आणि ते तीन किलो म्हणजे वजनाची क्षमता, लांबीची नाही. घराच्या बादलीचं उदाहरण देतो, भरलेली बादली छातीशी धरली तर जमते, तीच हात लांब करून धरून फिरवायला गेलं की खांदा निघतो. वजन अक्षापासून दुप्पट लांब गेलं की ते फिरवायला चौपट जोर लागतो. म्हणून बॅलन्स परफेक्ट असला तरी, म्हणजे गिंबल बंद असताना कॅमेरा जिथे सोडाल तिथे थांबत असला तरी, चालू केल्यावर मोटरला जड जातं. बॅलन्स वेगळी गोष्ट आणि फिरवायला लागणारा जोर वेगळी गोष्ट, माझ्या डोक्यात या दोन्ही एकच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बदललं: लेन्सच्या पुढच्या भागाला खालून सपोर्ट लावला, गिंबलसोबत येतो तो छोटा आधार, जो मी दोन वर्षं बॅगेत न उघडता ठेवला होता, आणि तो प्लेटला घट्ट कसला. हूड काढला, कारण तापीवरून सकाळी वारा येतो आणि टोकाला लावलेला हूड म्हणजे शिडच, वारा नेमका जिथे सगळ्यात जास्त जोर लागतो तिथे ढकलतो. ऊन लेन्समध्ये येऊ नये म्हणून मावसभाऊ पुठ्ठा धरून उभा राहिला. मग परत बॅलन्स, आधी टिल्ट (वर-खाली), मग रोल (कलणं), मग पॅन (डावी-उजवीकडे), आणि ऑटो ट्यून, म्हणजे गिंबल मोटरचा जोर स्वतः ठरवतो तो, लेन्स त्याच अवस्थेत ठेवून केला, आधीच्या लग्नाच्या ट्यूनवर नाही. त्यानंतर पण हलकी थरथर होती, ती मोटरची ताकद हाताने थोडी कमी केल्यावर गेली. लोकांना वाटतं जड लेन्स म्हणजे ताकद वाढवा, पण लवणाऱ्या लेन्सवर जास्त ताकद लावली की ती गुणगुणायलाच लागते. या लेन्सची एक सोय अशी की झूम केल्यावर ती लांबीला वाढत नाही, त्यामुळे बॅलन्स फारसा बिघडत नाही. जिची नळी बाहेर येते अशी लेन्स असेल तर ज्या झूमवर शूट करायचंय त्याच झूमवर बॅलन्स करा आणि मग झूमला हात लावू नका.

उसळीचं उत्तर सोपं निघालं आणि कटू पण. गिंबल फिरणं थांबवतो, म्हणजे वर-खाली वाकणं, डावी-उजवीकडे वळणं, कलणं. अख्खा कॅमेरा वर-खाली उचलला जातो ते तो थांबवत नाही, ते तुमच्या गुडघ्यांचं आणि कोपरांचं काम आहे. पळताना माझा हात तीन-चार सेंटिमीटर वर-खाली होत असेल तर घोडी फ्रेममध्ये तेवढीच वर-खाली दिसणार. याला लेन्स बदलूनही फरक पडत नाही, घोडी फ्रेममध्ये तेवढीच मोठी ठेवायची असेल तर २४ ने जवळून घ्या की २०० ने लांबून घ्या, ही उसळी तेवढीच. जुन्या स्टेडिकॅमला, गॅरेट ब्राऊनने सत्तरच्या दशकात काढला तो, जॅकेट आणि स्प्रिंगचा हात होता तो याच्यासाठीच. आपण हातात धरायचे गिंबल घेतले आणि तो स्प्रिंगवाला हात मागे सोडून दिला. म्हणून मी पळणं बंद केलं. एका जागी पाय रोवून, कोपरं पोटाला लावून, कमरेतून वळायचं.

थरथर गेली, उसळी गेली. मला वाटलं झालं. पण तिसरी भानगड एका जागी उभं राहिल्यावर उलट वाढली.

घोडी रेवालमध्ये साधारण ताशी पंधरा किलोमीटरने चालते असं धरा, सेकंदाला चारेक मीटर. वीस मीटरवर २०० एमएमची फ्रेम रुंदीला ३.६ मीटर होते. म्हणजे मी कॅमेरा वळवला नाही तर घोडी सेकंदाच्या आत फ्रेममधून निघून जाते. तिच्याबरोबर राहायला कॅमेरा सेकंदाला १२ अंश वळायला पाहिजे. आता गिंबल फॉलो मोडमध्ये काय करतो तर तुमचा हात आधी वळतो, तो थोडं थांबून मागून मऊपणे येतो, हा मऊपणाच तर त्याची खासियत आहे. पण तो पाव सेकंद मागे राहिला तर १२ च्या हिशोबाने ३ अंश झाले, आणि आपली फ्रेमच १० अंशाची! जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. २४ ला हेच ३ अंश कुणाला कळत पण नाहीत. फॉलो स्पीड वाढवला तर मागे राहणं कमी होतं पण हाताची प्रत्येक बारीक वळवळ फ्रेममध्ये उतरते, कमी केला तर शॉट मऊ पण घोडी बाहेर. डेडबँड, म्हणजे हात किती वळेपर्यंत गिंबलने हलायचं नाही ती मोकळीक, वाढवून बघितला, टिल्ट लॉक करून फक्त पॅन फॉलो ठेवून बघितला, त्याने सुधारलं, १३५ वर तर बऱ्यापैकी सुधारलं. पण चौदा-पंधरा फेऱ्यांमध्ये वापरण्यासारख्या तीन निघाल्या. घोडी दमली, पोरगा दमला, आणि जनावराला माझ्या सेटिंगसाठी असं पळवणं मला योग्य वाटलं नाही म्हणून दुपारी थांबलो.

दुपारी तसंही काही होत नव्हतं, कारण डिसेंबर असला तरी उन्हात मोकळ्या जमिनीवरून हवा थरथरायला लागते आणि लांब लेन्सला ते स्पष्ट दिसतं, खुर पाण्यात बुडाल्यासारखे दिसतात. यावर गिंबलचा काही इलाज नाही आणि सॉफ्टवेअरचाही नाही, सकाळी नऊ-साडेनऊच्या आत काम आटपायचं, बस. आपल्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला शूट करणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं.

सॉफ्टवेअरवरून आठवलं, आदल्या रात्री एडिटिंगमधलं स्टॅबिलायझेशन पण लावून बघितलं होतं. ते फ्रेममधली मोठी गोष्ट पकडून तिला स्थिर करायला जातं, इथे मोठी गोष्ट म्हणजे घोडीच, मग घोडी जागेवर आणि मागची जमीन जेलीसारखी. घोडीची खरी चाल पण त्यात पुसली गेली. नवीन काही बॉडींमध्ये जायरो डेटा (कॅमेरा कसा फिरला याची नोंद) रेकॉर्ड होतो त्यावरून कॅमेऱ्याचीच हालचाल काढता येते, माझ्या बॉडीत ते नाही. चाल विकायची असेल तर चालीला हात लावणारं काहीच वापरू नये असं माझं ठाम मत झालंय.

तिसऱ्या दिवशी काम दोन भागांत तोडलं. जिथे मी एका जागी आणि घोडी समोरून जाते, तिथे गिंबल काढून टाकला. ७०-२०० मोनोपॉडवर, म्हणजे एका पायाच्या स्टँडवर, खाली छोटं फ्लुइड हेड (न अडखळता मऊ वळणारं), कॅमेरा बॉडीला नाही तर लेन्सच्या कॉलरला, म्हणजे तिच्या पट्ट्याला पकडून. हात आणि कॅमेरा यांच्यामध्ये विचार करणारं कुणी नाही, हात वळला की लेन्स वळली, मागे राहणं शून्य. वजन जमिनीवर त्यामुळे उसळी शून्य. लेन्समधली थरथर कमी करणारी सोय, ओएसएस, चालू, मोड २ वर, जो पॅनसाठीच असतो, तो वळण्याच्या दिशेला अडवत नाही पण वर-खालची बारीक हालचाल खातो. पहिल्याच फेरीत ग्लासातलं पाणी दिसलं, पाणी! तीन दिवसांत पहिल्यांदा.

आणि जिथे कॅमेरा घोडीबरोबर चालायला पाहिजे तिथे गिंबल ठेवला पण लेन्स बदलली. ८५ एफ १.८, फक्त ३७१ ग्रॅम, आखूड, लवत नाही. बॉडी सुपर ३५ मोडला (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणारा) टाकली की दीडपट होऊन १२७ सारखी फ्रेम मिळते, बारा मीटरवरून रुंदी ३.४ मीटर, घोडी मावते आणि पायांचं प्रमाण बिघडत नाही. क्रॉपने शेक कमी होत नाही हे खरंय, तो दीडपट मोठाच दिसतो, पण हलकी लेन्स गिंबलला एवढी सोपी पडते की मुळात चूकच कमी होते. एका ओळखीच्यांचा छोटा हत्ती घेतला, मागे गादी टाकली, गादीवर मांडी घालून बसलो, यात्रेच्या बाहेर शेताकडे जाणाऱ्या मऊ मातीच्या रस्त्यावर घोडीच्या बरोबरीने. गाडी आणि घोडी एकाच वेगाने असल्यामुळे कॅमेऱ्याला जवळजवळ वळायचंच नाही, म्हणून गिंबल सरळ लॉक मोडमध्ये, एकाच दिशेला धरून. जे त्याला उत्तम जमतं तेवढंच त्याच्याकडून करून घेतलं. ड्रायव्हरला एकच सांगितलं होतं, भाऊ घोडीकडे बघू नको, रस्त्याकडे बघ, घोडीवरचा पोरगा तुझ्याशी जुळवून घेईल.

सेटिंग पण बदललं. एफ ८, म्हणजे २०० ला वीस मीटरवर पाचेक मीटर खोली फोकसमध्ये, आणि मागचे तंबू, खांब, झाडं ओळखू येतात. शटर १/२०० सेकंद, कारण इथे खूर स्वच्छ दिसणं मोशन ब्लरपेक्षा महत्त्वाचं. लॉग प्रोफाइल (नंतर रंग सुधारायला फिकट रेकॉर्ड करणारं) बंद, त्यामुळे जाड एनडीची पण गरज उरली नाही. ५० एफपीएस आणि स्लो मोशन नाही, हे जिभाऊंनीच सांगितलं, की स्लो मोशनमध्ये कुठलंही घोडं भारी दिसतं, पारखी माणूस ते बघून उलट शंका घेतो. हे मला फार पटलं. मागच्या खांबांमुळे एक गोष्ट अजून कळली, की २०० ला जोरात पॅन केलं की खांब तिरपे होतात, सेन्सर वरून खाली वाचत येतो त्यामुळे, तर ते जास्त दिसणाऱ्या दोन फेऱ्या टाकून दिल्या.

संध्याकाळी परत तोच तंबू, तोच लॅपटॉप. मोनोपॉडची फेरी लावली, जिभाऊ स्क्रीनच्या अगदी जवळ गेले, पायांकडे बघितलं, मग पोराच्या हातातल्या ग्लासकडे. म्हणाले, "पुन्हा लाव." परत लावली. "हाई मनी घोडी शे." मग गादीवरची क्लिप लावली, तिच्यात एका ठिकाणी गाडीचं चाक खड्ड्यात गेलंय आणि फ्रेम दचकते, मी म्हटलं हा कापतो, तर म्हणाले राहू दे, मागला खांब बी हालस ना, दिखस की गाडी हालनी.

मग त्यांनी एक काम राहिलंय म्हणून सांगितलं जे माझ्या डोक्यातच नव्हतं. घोडीच्या गळ्यावर देवमण आहे, शुभ मानतात तो भोवरा, आणि दोन्ही बाजूंचे बाकीचे भोवरे, ते घेणारा पहिले विचारतो. चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला, वारा पडलेला, घोडी बांधलेली, मी मोनोपॉड लावून लांब बसलो की तिला कॅमेऱ्याचा त्रास नको. २०० वर तिचा गळा फ्रेमभर आला, केसांची वळणं मोजता येतील इतकी स्वच्छ. ती श्वास घेत होती तेवढीच फ्रेममध्ये हालचाल.